वहीतला रविवार

१० जानेवारी

मावशी,

नमस्कार. पत्राला उशीर झाला हे मलाही माहीत आहे, तेव्हा उत्तराचा पहिला परिच्छेद रागावण्यात घालवू नकोस.

उशिराचं कारण चांगलं आहे. माझा कार्यक्रम सुरू झाला. नऊ वर्षं दुसऱ्यांच्या कार्यक्रमांत हातात घड्याळ घेऊन 'दहा सेकंद राहिले, पाच राहिले' एवढंच ओरडले, आता अर्धा तास माझा आहे. दर रविवारी सकाळी दहाला. नाव 'हातखंडा'. एक माणूस आणि त्याचं काम, बाकी काही नाही. पहिल्या भागात कुलूपवाला होता. निवेदन नाही, मागे संगीत नाही, कानस घासल्याचा आवाज तेवढा. आमच्या ध्वनिमुद्रकाने विचारलं, "बाई, ह्यात मी करायचं काय?" म्हटलं, "गप्प बसायचं." तेव्हापासून तो माझ्याशीही गप्प आहे.

आता दुसरी बातमी. आमच्या केंद्रासमोर फर्निचरचं जुनं गोदाम होतं ना, तिथे खाजगी वाहिनी सुरू झालीय. इकडची माणसं रस्ता ओलांडून तिकडे चाललीत. मेकअपच्या बाई गेल्या, दोन कॅमेरामन गेले. ते आम्ही सोसलं. गेल्या आठवड्यात कॅन्टीनचे चहावाले गेले, तेव्हा मात्र अख्खं केंद्र सुतकात बसल्यासारखं झालं.

इतके दिवस आम्हाला किती लोक पाहतात हे कुणी विचारायचं कारणच नव्हतं. वाहिनी एकच, टीव्ही लावला की आम्हीच. आता दर बुधवारी एक कागद येतो. काही निवडक घरांना वह्या दिल्यात, घरात कोणी काय पाहिलं ते त्यांनी त्यात लिहायचं. ती घरं कुठली, हे गुपित. त्या वह्यांची बेरीज करून कुठल्या गावात काय चालतं ते ठरतं. आमचे मोठे साहेब तो कागद डॉक्टरांचा रिपोर्ट वाचावा तसा वाचतात. त्यांनी मला स्पष्ट सांगितलंय, जूनपर्यंत कागदावर दिसलीस तर ठीक, नाहीतर 'हातखंडा' बंद.

तू पाहतेस ना? काकांना, तुझ्या सासूबाईंना आवडलं का? मावशी, बाकी कुणी पाहो न पाहो, तू पाहायला हवंस. मला लिहायला-वाचायला शिकवलंस तूच, तेव्हा हे माझं पहिलं पान समज आणि तपास.

तुझी,
भिंगरी

१९ जानेवारी

भिंगरे,

आशीर्वाद आहेतच. रागावण्याचा परिच्छेद तू आधीच खाऊन टाकलास, तेव्हा थेट मुद्द्यावर येते.

पाहिला. तिघांनी मिळून पाहिला. कुलूपवाल्याने किल्ली दातात धरून दुसऱ्या हाताने स्प्रिंग बसवली तेव्हा मी अगदी पुढे सरकून बसले होते. सासूबाईंनी विचारलं, "हा आपल्याकडे कधी येणार?" त्यांना वाटलं आपलं कपाट उघडायला बोलावलाय. तुझ्या काकांनी दहा मिनिटांनी विचारलं, "आता पुढे काय होणार?" म्हटलं, कुलूप उघडणार. "मग उघडू दे," म्हणाले आणि पेपर घेऊन बसले. ते मनावर घेऊ नकोस. बत्तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली त्या माणसाने, आणि छापखाना बंद झाल्यापासून पंधरा महिने झाले, जेवताना "मीठ" ह्यापलीकडे शब्द नाही. पेपरातल्या चुकांवर लाल पेन्सिलने गोल करतात आणि पेपर घडी करून ठेवतात. पाठवायचा कुणाला?

आमच्या गल्लीतही केबलची तार आली. खांबावरून गच्चीवर, गच्चीवरून आमच्या खिडकीत. मी नको म्हणत होते, पण काकांनी मान हलवली, आणि हल्ली ते कशाला मानच हलवत नाहीत, म्हणून घेतली.

आणखी एक. दर सोमवारी एक मुलगी यायला लागलीय, वही घेऊन. कसली ते विचारू नकोस, मी शब्द दिलाय. पण मुलगी गोड आहे. अक्षर मात्र कोंबडीच्या पायाचं.

ताईला म्हणावं, गुडघ्याला शेक देत राहा.

मावशी

९ फेब्रुवारी

भिंगरे,

दोनच ओळी. कुंभाराचा भाग फार आवडला. मडकं चाकावरून सुटतं तेव्हा मी श्वास धरून बसले होते. सासूबाईंनी टाळ्या वाजवल्या. काकांनीही पेपर खाली ठेवला. अशीच करत राहा.

मावशी

२६ फेब्रुवारी

मावशी,

तुझं कुंभारावरचं कार्ड मी आईला मोठ्याने वाचून दाखवलं, मग ध्वनिमुद्रकाला वाचून दाखवलं, मग टेबलाच्या काचेखाली ठेवलं. काकांनी पेपर खाली ठेवला! साहेबांनी 'उत्तम' म्हटलं असतं तरी मला एवढा आनंद झाला नसता.

सोमवारची मुलगी म्हणजे शिकवणी सुरू केलीस, हे मी ओळखलं. एवढं गुपित कशाला? निवृत्तीनंतर वह्या तपासायला लागलीस म्हणून कोण हसणार आहे? कोंबडीचे पाय सुधार म्हणावं.

आता ऐक. कागदावर मी दिसायला लागले! शहरात दोन टक्के, बंदराच्या गावात एक, डोंगराकडे तर शून्याला लागून. आणि तुमच्या गावात, मावशी, पंचवीस! पंचवीस टक्के! साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि परत वाचलं. सलग तीन आठवडे तेच. "तुमचं तिथे कोणी आहे का?" विचारलं. म्हटलं, मावशी आहे. "मावशी काय सगळ्या गावाला धरून बसवते?" सगळे हसले. मीही हसले.

खरं सांग, गावात लोक बोलतात का ह्याबद्दल? वाण्याकडे, दवाखान्यात?

भिंगरी

८ मार्च

भिंगरे,

वाण्याकडे काही ऐकलं नाही. पण आमच्या गावचे लोक तोंडावर कौतुक करणारे नव्हेतच. पोटात ठेवतात.

आकड्यांनी हुरळून जाऊ नकोस. परीक्षेत एखाद्या पोराला अचानक शंभरातले शंभर मिळाले की मी आधी त्याच्या शेजारी कोण बसलं होतं ते बघायचे.

सासूबाईंना खोकला आहे. बाकी ठीक.

मावशी

२१ मार्च

मावशी,

हे पत्र सावकाश वाच आणि उत्तर लवकर दे.

समोरच्या गोदामातून मला बोलावणं आलंय. त्यांचा मुख्य माणूस माझ्याहून चार वर्षांनी लहान आहे आणि खुर्चीत बसत नाही, टेबलावर बसतो. त्याच्यापुढे तोच बुधवारचा कागद होता आणि तुमच्या गावाच्या पंचवीसभोवती हिरव्या शाईने गोल होता. म्हणाला, "शहर कोणीही जिंकेल. छोट्या गावात बसलेल्या माणसाला तुम्ही धरून ठेवलंय, हे कुणाला जमलेलं नाही." हाच कार्यक्रम, पण आठवड्यातून तीनदा, नवे कॅमेरे, हाताखाली सहा माणसं. फक्त इथली कायमची नोकरी सोडून यायचं, आणि तिथे सगळं दर तीन महिन्यांनी नव्याने ठरणार. कागदावर दिसलीस तर राहा, नाहीतर नमस्कार.

बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "पेन्शनीची नोकरी कुलूपवाल्याच्या नादाने सोडणार?" आणि उठून बागेत पाणी घालायला गेले. बाहेर तेव्हा पाऊस पडत होता. आई म्हणते, मावशीला विचार.

मला जायचंय. इथे मी साठीपर्यंत सुरक्षित आहे आणि तेच मला खुपतं. पण उडी मारायची तर खाली पाणी आहे ह्याची खात्री हवी. माझ्यापुढे ती खात्री एकच आहे, तुमचं गाव. तिथे लोक खरंच पाहतात ना मावशी? तू "जा" म्हणालीस तर जाते. एप्रिलच्या अठरा तारखेपर्यंत, शुक्रवारपर्यंत, सांगायचंय.

भिंगरी

२९ मार्च

भिंगरे,

पत्र चार वेळा वाचलं.

घाई नको. एका गावावरून माणसाने आयुष्य ठरवू नये. गाव म्हणजे तरी काय, आज असं, उद्या तसं. तुझे बाबा म्हणतात त्यात तथ्य आहे, जरी पावसात झाडांना पाणी घालण्यात नसलं तरी. तू आहेस तिथेही चांगलं काम करतेसच.

पण अगदी नको असंही मी म्हणत नाही. तूच ठरव. तू शहाणी आहेस.

मावशी

१२ एप्रिल

मावशी,

"नको असंही म्हणत नाही." जन्मात तू असं गुळमुळीत वाक्य लिहिलं नव्हतंस. मला वाटलं तब्येत बरी नाही. म्हटलं जाऊ दे, आपलं आपण ठरवू. राजीनामा टंकून घेतला. ड्रॉवरमध्ये आहे.

मग ह्या बुधवारी कागद आला. तो वाचून अख्खं केंद्र पोट धरून हसलं आणि मी एकटी हसले नाही. कारण सांगते.

सहा तारखेच्या रविवारी 'हातखंडा' लागलाच नव्हता. नव्या पुलाचं उद्घाटन होतं. आदल्या संध्याकाळी वरून फोन आला, सगळं थेट दाखवा. नऊ ते बारा नुसता पूल, भाषणं आणि हार. सगळ्या गावांच्या वह्यांत पूल आहे, नाहीतर समोरची वाहिनी. फक्त तुमच्या गावात, सकाळी दहा वाजता, पंचवीस टक्के लोकांनी 'हातखंडा' पाहिला. जो कुठेच लागला नव्हता.

साहेबांनी आकडे काढणाऱ्या कचेरीला फोन केला. तिथून कळलं, तुमच्या गावात वह्या चारच घरांत आहेत. म्हणजे माझं गाव म्हणजे एक घर. घराचं नाव ते सांगत नाहीत, पण वयं कागदावर असतात. पाहणारे तीन. पुरुष साठीपुढचा, बाई साठीपुढची, बाई ऐंशीपुढची.

मावशी, सोमवारी येणारी मुलगी कोण आहे?

शुक्रवारपर्यंत उत्तर पोचव. साहेबांना मी अजून काही बोलले नाही.

भिंगरी

१५ एप्रिल

भिंगरे,

हे जलद टपालाने पाठवतेय, गुरुवारी किंवा शुक्रवारी सकाळी मिळेल. टेलिफोनच्या बूथवर जाऊन उभी राहिले होते, पण रांगेत मागे वाणी होता आणि हे असं ओरडून सांगण्यासारखं नाही.

वही माझी आहे. मुलगी आकड्यांच्या कचेरीची आहे. पहिल्याच दिवशी तिने विचारलं, "घरात कुणी टीव्हीत कामाला आहे का? असेल तर वही देता येत नाही." मी म्हटलं, घरात नाही. तू घरात कुठे आहेस? तू तर शहरात. ह्या असल्या हुशारीबद्दल मी पोरांना बाकावर उभं करत असे.

आता पहिलं खरं. मी तुझा एकच भाग पाहिला, कुलूपवाल्याचा. कुंभार मी पाहिला नाही. मडकं, श्वास, सासूबाईंच्या टाळ्या, सगळं माझ्या मनातलं. कुंभाराचं चाक मी लहानपणी पाहिलं होतं, त्यावर भागवलं. काकांनी पेपर खाली ठेवला हे तर सरळ सरळ खोटं.

का ते सांगते, मग काय शिक्षा द्यायची ती दे.

समोरच्या त्या तुमच्या गोदामातल्या वाहिनीवर रविवारी दहालाच एक खेळ असतो. तेल लावलेल्या ओंडक्यावरून माणसं पळतात आणि चिखलात पडतात. ह्यात पाहायचं काय ते मला कळत नाही. केबल आली त्या आठवड्यात तुझा कार्यक्रम लागायची वाट बघत काकांनी सहज बटण दाबलं आणि तो खेळ लागला. मी स्वयंपाकघरात होते. कुणीतरी हसलं. मला वाटलं शेजारी हसले. बाहेर येऊन पाहते तर हे. एक जाडा माणूस ओंडक्यावरून घसरला होता आणि हे डोळे पुसत हसत होते. सासूबाई त्यांच्याकडे बघून हसत होत्या. पंधरा महिने, भिंगरे. त्या दिवशी जेवताना त्यांनी मला त्या जाड्याची सगळी हकीकत सांगितली.

मग पुढच्या रविवारी त्यांच्या हातून रिमोट काढून घेऊन "आता भाचीचं बघा" म्हणणं माझ्याच्याने झालं नाही. आणि वहीत चिखल लिहिणंही झालं नाही, कारण तुझं जूनचं मला माहीत होतं. तेव्हा मी न्याय केला. टीव्हीवर त्यांचं राहू दे, वहीत तुझं लिहू. एका घराने काय होतंय, असं वाटलं. चार घरांतलं एक घर म्हणजे पाव गाव, हे मला कोण सांगणार? गणित मीच शिकवायचे, पण हे गणित मांडायचं सुचलं नाही.

आणि तो पूल. चाळीस वर्षं मी सोमवारचं टाचण शनिवारी लिहिलं. वर्गात काय शिकवणार ते शिकवायच्या आधी वहीत लिहून ठेवायचं, ही आम्हा शिक्षकांची शिस्त. तपासणीला साहेब आले की टाचण पुरं हवं, मग तास झाला असो नसो. ही वहीही मी तशीच भरली. शनिवारी दुपारी पेपरातला आठवड्याचा तक्ता समोर ठेवायचा, समास आखायचा, शाईच्या पेनाने रविवार लिहून मोकळं व्हायचं. मग पूल उघडला काय नि कोसळला काय, माझ्या वहीत 'हातखंडा'च.

तू मार्चमध्ये विचारलंस, लोक खरंच पाहतात ना? तेव्हाच सांगायला हवं होतं. सांगितलं तर जूनला तुझा कार्यक्रम बुडतो, न सांगितलं तर तू बुडतेस. इकडे आड, तिकडे विहीर. मी मध्येच काठावर उभी राहून "तूच ठरव" म्हटलं. त्या पत्राची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

खाली पाणी नाहीये, भिंगरे. उडी मारू नकोस. मारायचीच असेल तर दुसरं काहीतरी बघून मार, माझ्या वहीकडे बघून नको.

सोमवारी मुलगी आली की तिला सगळं सांगणार आहे. तुझ्या साहेबांना माझं हे पत्र दाखव. माझं नाव झाकू नकोस.

मावशी

३० एप्रिल

भिंगरे,

पंधरा दिवस झाले. तुझं पत्र नाही. ताईच्या पत्रात तुझा उल्लेख नाही, म्हणजे तिला माहीत आहे.

मुलीला सांगितलं. ती रडायला लागली, तिला वाटलं तिची नोकरी जाणार. तिच्या कचेरीला मी स्वतः पत्र लिहिलं की चूक माझी आहे आणि मुलीचा दोष एवढाच की तिने म्हाताऱ्या मास्तरणीवर विश्वास ठेवला. वही परत गेली.

राग आला असेल तर रागाचं पत्र लिही. पण लिही.

मावशी

६ मे

मावशी,

लिहिते. आधी राग.

आकड्यांचा राग नाही. आकडे गेले खड्ड्यात. मी ते कुंभाराचं कार्ड काचेखाली ठेवलं होतं. कामात मन लागेनासं झालं की ते वाचायचे. दोन टक्के, एक टक्का असे कागद आले तरी वाटायचं, मावशीने श्वास धरला होता ना, मग झालं. मला वाटत होतं की माझा एक तरी प्रेक्षक पक्का आहे. तो नव्हताच. ह्याचं मला फार वाईट वाटलं. मी तीन दिवस तुझ्याशी मनातल्या मनात भांडत होते आणि चौथ्या दिवशी आईशी खरोखर भांडले. ती बिचारी गुडघा शेकत बसली होती.

आता झालेलं सांगते. तुझं पत्र शुक्रवारी सकाळी अकराला हातात पडलं. मी ते घेऊन तशीच रस्ता ओलांडून गेले. टेबलावर बसणाऱ्याला सगळं सांगितलं. मला वाटलं तो चिडेल. तो हसला. म्हणाला, "बाई, खोटं म्हणजे काय? वहीत आलं ना? वहीत आलं म्हणजे आलं." मग जरा पुढे वाकून म्हणाला, "तुमच्या मावशी अजून तीन महिने लिहीत राहतील का?"

मावशी, तोवर मी डळमळत होते. नवे कॅमेरे कोपऱ्यात झाकून ठेवले होते, एकाचं कापड मी उचलूनही पाहिलं होतं. पण तो हे म्हणाला आणि मला कळलं की ह्याने 'हातखंडा'चा एक भागही पाहिलेला नाही. त्याला माझा कार्यक्रम नको होता, तुझी वही हवी होती. नमस्कार केला आणि परत आले.

साहेबांना तुझं पत्र दिलं. ते पूर्ण वाचून झाल्यावर म्हणाले, "अक्षर काय सुंदर आहे." मग कचेरीला फोन करून तुमचं गाव कागदावरून खोडायला सांगितलं. माझे एकूण झाले दीड टक्का. कार्यक्रम जूनअखेर बंद. आठ भाग उरलेत. त्यानंतर मला हवामान आणि 'हरवलेल्या व्यक्ती' दिलंय. राजीनामा फाडला. चूक केली की बरोबर केलं, ते मला अजून ठरवता येत नाही. काही सकाळी गोदामाच्या दाराशी गाड्या उभ्या दिसतात तेव्हा मी फाटकात थांबून त्या मोजत बसते.

आणि एक. काका हसले ते वाचून माझा निम्मा राग तिथेच गेला. तो चिखलाचा खेळ करणारी मुलगी माझ्याच बॅचची. तिलाही रोज ऐकावं लागतं की हे काय थिल्लर करतेस. तिला रस्त्यात गाठून सांगितलं, एक माणूस पंधरा महिन्यांनी हसला तुझ्यामुळे. ती फुटपाथवरच उभी राहिली. म्हणाली, "कुठल्या गावचे?" सांगितलं, तर म्हणते, "माझ्या कागदावर तर त्या गावात कुणीच नाही." कसे असतील? तिचे काका तू माझ्या नावावर लिहिले होतेस.

त्यांना तो खेळ बघू दे. तुझ्यावर आता रविवारचा काही भार नाही. पाहिलं नाहीस तरी चालेल. पण पाहिलं असं लिहू नकोस.

भिंगरी

३० जून

भिंगरे,

मुद्दाम आठही भाग संपेपर्यंत थांबले. मध्ये लिहिलं असतं तर तुला वाटलं असतं, म्हातारी परत तक्ता बघून लिहितेय.

आमच्या घरी दहाला चिखलच असतो. एका रविवारी काकांनी विचारलं, "कुठे निघालीस?" म्हटलं, भाचीचं बघायला. "आपल्याकडे टीव्ही आहे की," म्हणाले, आणि तेवढ्यात कोणीतरी ओंडक्यावरून पडलं, तेव्हा पुढचं राहिलं. त्यांचं मन काही तुझ्याकडे वळलेलं नाही, उगाच आशा लावत नाही.

मी कोपऱ्यावरच्या शिंपीणबाईंकडे जाते. त्यांच्या दुकानात जुना टीव्ही आहे, केबल नाही, तुमचीच एक वाहिनी दिसते. चित्रात मुंग्या फार. पहिल्या दिवशी त्या मशीन चालवतच बघत होत्या. म्हटलं, बाई, ह्यात आवाजच ऐकायचा असतो. तेव्हापासून दहाला मशीन बंद असतं.

तपास म्हणाली होतीस जानेवारीत, ते आता तपासते. सुताराचा भाग लांबला. रंधा मारतो, मारतो, मारतच राहतो, मला सात-आठ मिनिटं झोप लागली. शिंपीणबाईंनी कोपराने उठवलं. धार लावणाऱ्याचा उत्तम. पण तो आपल्या बायकोबद्दल सांगायला लागला आणि तू लगेच चाकावरच्या ठिणग्या दाखवल्यास. ठिणग्या काय पळून जात होत्या? बोलू द्यायचं होतं त्याला. शिंप्याच्या भागावर शिंपीणबाई फार रागावल्या. त्या म्हणतात, त्या माणसाने मशीनवरचं काज आधी कापलं आणि मग शिवलं, असल्या माणसाला टीव्हीवर घेतातच कसं. मी तुझी बाजू घेतली, पण मला वाटतं त्यांचंच बरोबर आहे.

काल शेवटचा, छत्रीवाल्याचा. त्याने फाटक्या छत्रीचं कापड उतरवलं आणि नुसत्या काड्या उघडून मिटून पाहिल्या, एकदा, दोनदा, तीनदा. शिंपीणबाईंचा हात कात्रीवर तसाच राहिला. मी श्वास धरला की नाही ते मला आठवत नाही, म्हणून लिहीत नाही. तो काड्या मोजत होता तेव्हा मला तू आठवलीस आणि रडू आलं, हे मात्र आठवतं. संपल्यावर लगेच हवामान लागलं. आम्ही तशाच बसून राहिलो आणि कुठे ऊन पडणार ते ऐकलं.

वही आता दुसऱ्या कुठल्या घरात आहे. आम्ही पाहिलं काय, न पाहिलं काय, तुमच्या बुधवारच्या कागदावर एका अंशानेही फरक पडायचा नाही. साहेबांना तर कळणारही नाही. तुला कळावं म्हणून लिहितेय. आठही रविवारी, दहा ते साडेदहा, आम्ही दोघी होतो.

मावशी